हंबीरदादांचा संध्याकाळचा तास

हंबीरदादा माझे सख्खे, चुलत, मावस कुणीच नव्हेत. ते कुंडलचे आणि माझं माहेरही कुंडलचं, एवढंच नातं. पण माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे ते सांगलीत आमच्या वरच्या खोलीत राहायला आले तेव्हा भाड्याची बोलणी आमच्या ह्यांनी केली आणि राखी मी बांधली.

फौजेत ते सिग्नल्समध्ये होते. उभी नोकरी बर्फातल्या चौक्यांवर बिनतारी सेट सांभाळण्यात गेली. हवालदार होऊन घरी आले, थोडी वर्षं शेती केली, आणि मग शालनवहिनी गेल्या. आजार लांबला नाही, बोलायलाही फार वेळ मिळाला नाही. मुलगा धैर्यशील तोवर शिकून कॅनडात पोचला होता. दादांनी ऊस धाकट्या भावाच्या हवाली केला आणि सांगलीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या फाटकावर सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. गरज होती असं नाही. गावातल्या घरी दुपार सरत नाही, असं ते एकदा मला म्हणाले होते. 

दर रविवारी धैर्यशीलचा फोन यायचा. वरच्या खोलीत आवाज तुटतो म्हणून दादा जिन्यात बसून बोलायचे, आणि जिना माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून आहे. पलीकडचं मला ऐकू यायचं नाही. ह्या बाजूनं "व्हय", "जेवलो की", "घेतली गोळी", "हितं ऊन हाय, तुज्याकडं?" एवढं झालं की दोन्हीकडचं बोलणं संपायचं. तरी फोन लगेच ठेवला जायचा नाही. दोघंही नुसतेच धरून बसायचे. मग "बरं, ठेवू?" कोण आधी म्हणतो एवढाच प्रश्न उरायचा.

एकदा दादांनी त्याला विचारलं की तू तिकडं नेमकं काम काय करतोस. उत्तर त्यांनी मला नंतर सांगितलं, भांडी घासायच्या ओट्यापाशी उभं राहून. "वेब सर्व्हिसेस म्हनला. म्हनला, ते सांगून न्हाई कळायचं अण्णा. बरोबर हाय त्याचं. पर ताई, आमी बाप-ल्योक बोलायचं तरी कशावर? पिकावर बोलावं तर त्याला गोडी न्हाई. त्याच्या आईवर बोलाया गेलं तर दोगंबी गप हुतोय."

त्यानंतर काही दिवसांनी कॉलेजच्या ग्रंथालयानं जुनी पुस्तकं रद्दीत काढली. टेम्पोची पावती तपासायला दादा फाटकावर उभे, आणि गठ्ठ्याच्या वरच एक जाडजूड पुस्तक, त्याच्या पाठीवर मुलानं सांगितलेले तेच शब्द. त्यांनी ग्रंथपालांना विचारून ते आणि त्याच्यासारखी आणखी दोन काढून घेतली. सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून आणली. आमच्या जिन्यावरून ती वर नेताना ह्यांनी विचारलं की कुठली पोथी लावताय. दादा म्हणाले, "पोराची."

पुस्तकं एक्सएमएलची आणि वेब सर्व्हिसची होती. छापूनही बरीच वर्षं झालेली, कडा पिवळ्या पडलेल्या. सोबतची सीडी कधीच गेली होती, नुसतं तिचं पाकीट मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं. दादांचं शिक्षण बारावीपर्यंतचं, इंग्रजी सगळं फौजेतल्या प्रशिक्षणातलं. पण यंत्राचं पुस्तक कसं वाचायचं हे त्यांना ठाऊक होतं. एक वाक्य वाचायचं, करून बघायचं, नाही झालं तर परत तेच वाक्य. त्यांनी एक जुना संगणक घेतला, तो खिडकीखाली टेबलावर मांडला, वर शालनवहिनींच्या जुन्या साडीचा तुकडा झाकायला ठेवला. ड्यूटीवरून आले की आंघोळ, माझ्याकडचा चहा आणि वर पुस्तक.

मी बी.ए. इतिहासाची, मला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण कुणालाच कळत नाही म्हटल्यावर ते मला सांगायला लागले. एकदा मी फडताळ आवरत होते, तेव्हा त्यांनी माझ्या डब्यांवरूनच एक्सएमएल शिकवलं. म्हणाले, डब्यावर आतल्या मालाचं नाव लिहायचं, डब्यात डबा ठेवायचा असला तर आतल्यावरही लिहायचं, आणि उघडला तो डबा झाकायचाच.

"माझ्या एकाही डब्यावर नाव नाही," मी म्हटलं. "मला हाताला कळतं कशात काय आहे ते."

"तुमाला कळतंय. उद्या सून आली तर तिला कसं कळंल? तुमी गावाला गेल्यासा, तर तिनं काय नाक लावून हुंगायचं?"

"मग मला फोन करेल."

"आन तुमी उचलला न्हाईसा तर?"

मी हसले. ते हसले नाहीत. दोन घरांनी एकमेकांचं स्वयंपाकघर न बघताही एकमेकांचं सामान ओळखावं, एवढ्यासाठी हे सगळं काढलंय असं ते म्हणाले. आणि वेब सर्व्हिस म्हणजे खिडकी. बाहेरच्यानं विचारायचं, आतून नाव घातलेला डबा बाहेर द्यायचा.

अडलं की मात्र विचारायला कुणी नव्हतं. एकदा त्यांनी धीर करून कॉलेजातल्या एका सरांना गाठलं. सर चांगले, त्यांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले की काका, आता हे फारसं कुणी वापरत नाही, नवीन कितीतरी आलंय. दादांनी "व्हय का" म्हटलं आणि फाटक उघडायला गेले. त्या दिवशी चहाला खाली आले नाहीत. मी वर घेऊन गेले तर ते पुस्तकच वाचत होते.

त्या पुस्तकात त्यांना एक सोबती मात्र सापडला होता. पूर्वी कुणा विद्यार्थ्यानं पेन्सिलीनं समासात खुणा केल्या होत्या. कुठं परीक्षेला महत्त्वाचं, कुठं नुसतं प्रश्नचिन्ह. एका पानावर मराठीत लिहिलं होतं, हे कळलं नाही. ते पान दादांनी मला मुद्दाम दाखवलं. "मीबी नेमका हितंच अडकलोय बगा," म्हणाले. त्या अनोळखी पोराला आपण एकटेच अडकलो असं वाटलं असेल, ह्याचं त्यांना वाईट वाटत होतं. पुढं बऱ्याच दिवसांनी तो भाग सुटला तेव्हा त्यांनी त्या ओळीखाली आपल्या पेन्सिलीनं उत्तर लिहून ठेवलं. कुणासाठी, मी विचारलं नाही.

त्यांनी काय तयार केलं ते आता सांगते. पुस्तकात पुस्तकांच्या दुकानाची उदाहरणं होती. दादांनी घर घेतलं. सगळ्यात बाहेरच्या डब्याचं नाव घर. नावं मराठीतही चालतात असं पुस्तकात एका ओळीत होतं, ती ओळ त्यांनी हेरली होती. घराच्या आत हवा, आत नदीवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी, आत जेवण, आत तब्येत, आणि सगळ्यात शेवटी निरोप. रोज संध्याकाळी ते हे भरत. हवा कोरडी. जेवण, शेपू आणि भाकरी. तब्येत ठीक. निरोप मात्र रिकामा राहायचा. तिथं काय लिहावं हे त्यांना सुचायचं नाही, आणि रिकामं ठेवलं तरी चालतं असं पुस्तकात होतं.

कॅनडातून कुणी इंटरनेटवर ह्या संगणकाच्या पत्त्यावर विचारलं की हा सगळा डबा त्याला मिळणार होता. बाहेरून दिसेल असा कायमचा पत्ता त्यांनी ब्रॉडबँडवाल्याकडून घेतला. त्या रविवारी फोनवर धैर्यशीलला तो सांगितला. जिन्यात बसून अक्षर न अक्षर, फौजी पद्धतीनं, दोन-दोनदा. मी कणीक मळता मळता थांबले होते. पलीकडून तो काय म्हणाला ते ह्या बाजूच्या उत्तरावरून कळलं.

"व्हय, मीच केलंय. पुस्तकावरनं. बग सवडीनं."

खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी चहात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली.

मग वाट बघणं सुरू झालं. दिवेलागणीला ते संगणक सुरू करत, रिपोर्ट भरत आणि पडद्यासमोर ताठ बसत. कुणी बाहेरून विचारलं की पडद्यावर एक ओळ उमटायची, तशी सोय त्यांनी केली होती. तासाभरानं संगणक बंद, टेबलामागचं बटण बंद, वर साडीचा तुकडा. मग जेवण. एक दिवस चुकला नाही. पडद्यावर ओळ उमटायची ती फक्त त्यांनी स्वतः चाचणी घेतली तर.

रविवारचे फोन येतच होते. जेवलात का, गोळी घेतलीत का. सर्व्हिसचं धैर्यशील बोलायचा नाही. दादाही विचारायचे नाहीत. मी एकदा न राहवून म्हटलं की विचारून तर बघा. ते म्हणाले, "न्हाई ताई. बगायला सांगिटलं हुतं, बगितलं न्हाई. त्याचं काम मोटं, ह्यो आपला खेळ. खेळ बग म्हनून कुनाच्या मागं लागू नये."

पण संध्याकाळचा तास त्यांनी सोडला नाही. मी म्हणायची, कुणी विचारत नाही तर लिहिता कशाला. तेव्हा त्यांनी चौकीवरची गोष्ट सांगितली. कधीकधी आठवडा आठवडा वरून उत्तर यायचं नाही. वादळ असायचं. तरी ठरल्या वेळेला सेट उघडायचा, रिपोर्ट द्यायचा, ऐकत बसायचं, आणि वेळ संपली की बॅटरी वाचवायला बंद करायचा. कुणी ऐकतंय की नाही हे बघणं आपलं काम नाही. "आन रिपोर्टात खोटं लिवायचं न्हाई," हेही त्यांनी सांगितलं.

अशात त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू वाढला. अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. मिरजेला दाखवलं, ऑपरेशन ठरलं. धैर्यशीलला कळवू नका असं मला बजावलं. त्याला तिकडं जिवाला घोर, आणि डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे आता दाढ काढल्यासारखं. रविवारच्या फोनवरही ते नेहमीचंच बोलले.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा तास चालू असतानाच दवाखान्यातून मला फोन आला. साखर तपासायची आहे, रात्रीच दाखल व्हा. हे नुकतेच घरी आले होते, रिक्षा बोलवायलाही हेच गेले. मी जिन्याखालून हाका मारल्या. दादा वर काहीतरी टंकत होते. "आलो, एवढं लिवतो," म्हणाले. मी परत हाक मारली तेव्हा ते एका हातात पिशवी आणि एका हातात चपला घेऊन खाली आले. रिक्षा मिरजेच्या रस्त्याला लागली. मग म्हणाले, "आज निरोप भरला."

पहाटे मी दवाखान्यातल्या बाकावर डुलक्या घेत होते. दादा आत पलंगावर, डोळ्यात औषधाचे थेंब घालून पडलेले. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता, तो वाजला. धैर्यशीलचा. वार रविवार नव्हता. 

"आत्या," तो म्हणाला, "कुठला दवाखाना? कधी आहे ऑपरेशन? अण्णा कसे आहेत?"

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

"अण्णांच्या मशीननं सांगितलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नीट येईना. लाइन खराब नव्हती.

मी फोन आत नेला आणि दादांच्या कानाला धरला. त्यांना हात हलवायला मनाई नव्हती, पण त्यांनी हात उचललेच नाहीत. डोळे मिटलेले ठेवून म्हणाले, "मिळाला व्हय रिपोर्ट?"

मी इतकी जवळ होते की ह्या खेपेला मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"मिळाला. पहिल्यांदाच मिळाला. अण्णा, तुम्ही पत्ता दिल्यापासून मी बघतोय. रोज जेवण झालं की बघतो. रोज बंद असायचं."

"बंद कसं? रोजच्या रोज तासभर उघडं ठेवतोय की. दिवं लागल्यापास्नं."

"तासभर?"

"तासभर. मंग बंद करून जेवतो."

 मग तो हसला की काय झालं त्याला, मला सांगता येणार नाही. म्हणाला, "तुमची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ, अण्णा. मी गाडीत असतो, नाहीतर ऑफिसात. आणि सर्व्हर बंद करत नसतात. तो चालूच ठेवायचा असतो, रात्रंदिवस."

"त्या पुस्तकात न्हाई तसं लिवल्यालं."

"लिहितील कशाला? सगळ्यांना माहीतच असतं ते."

"मला कोन सांगनार हुतं?" दादा म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "तू तरी बोलायचंस की, बंद लागतंय म्हनून."

"मला वाटलं तुमचं जमलं नसेल. विचारलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

"आन मला वाटलं तू बगितलंच न्हाईस."

त्यानंतर ते दोघं पूर्वीसारखेच गप्प झाले. फोन धरून. पण मला माझा हात अवघडला तरी फोन काढून घ्यावासा वाटला नाही. नर्स आली आणि म्हणाली, आजोबा, रडू नका, डोळ्यातलं औषध वाहून जाईल. दादा म्हणाले की औषधच आहे ते.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी आल्यावर पट्टीवरून काळा चष्मा लावून ते आधी वर गेले. संगणक तसाच चालू होता, साडीचा तुकडा शेजारी पडलेला. पडद्याकडे बघायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून मला म्हणाले, ताई, तुम्ही बघा. पडद्यावर ओळी होत्या. बाहेरच्या पत्त्यावरून आलेल्या, एकाखाली एक, पुष्कळ. पहिल्या पहाटे तर त्या पोरानं तेच तेच कितीदा मागवलं होतं. मी तेवढं सांगितलं आणि ते खुर्चीत बसून राहिले. मी खाली येऊन वरणाला फोडणी दिली.

आता ते मशीन चालूच असतं. वीज गेली तर म्हणून दादांनी आमच्या इन्व्हर्टरवर जोडून मागितलं. हे आधी कुरकुरले, मग स्वतःच वायर ओढून दिली. धैर्यशील आला नाही. येईन म्हणतो, सुट्टीचं जमत नाही. त्यानं आपल्या फोनवर अशी काही योजना केली आहे की त्याचा फोनच ठरावीक वेळानं आपण होऊन रिपोर्ट मागवतो. दादांना ते पडद्यावरून लगेच ओळखू आलं. मला म्हणाले, "आता इचारतंय ते यंतर इचारतंय. ते काय वाचत नसतंय." तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण त्या आठवड्यात मी केलेलं भडंग तसंच वाटीत राहिलं. तरी संध्याकाळी दिवे लागले की ते बसतात आणि निरोप भरतात. शेजारच्या पेरूला आलेली फुलं, कुंडलच्या भावाचा आलेला फोन, एकदा तर मी भाजी खारट केली तेही.

गेल्या पावसाळ्याच्या सुमारास एका संध्याकाळी ते लवकर खाली आले. विचारलं तर म्हणाले, आज काही सुचलं नाही, निरोप तसाच ठेवला. रिकामा चालतो. त्या दिवशी शालनवहिनींची तिथी होती, ते मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि फोन वाजला. रविवार नव्हता. दादांनी नाव बघितलं आणि उठून जिन्यात गेले.

"न्हाई रं, बरा हाय मी," मला खिडकीतून ऐकू आलं. "काय झालं न्हाई. काल काय लिवावं सुचलं न्हाई, म्हनून कोरं ठेवलं." मग आवाज खाली गेला. "व्हय. काल तिथी हुती. तुज्या ध्यानात हाय?"

पुढचं मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. बराच वेळ ते तिकडेच बसले होते. चहा निवत चालला तशी मी कपावर बशी पालथी घातली आणि भाजी चिरायला घेतली.